व्यापार बंद झाला म्हणजे गुलामगिरी संपली का?

१९ जूनला अमेरिकेत ‘जूनटीन्थ’ची सुट्टी असते. १८६५ साली याच दिवशी टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला गुलामांच्या सुटकेचा हुकूम जाहीर झाला. गुलामांच्या आयातीवर बंदी मात्र १ जानेवारी १८०८ पासूनच होती. व्यापारबंदी आणि सुटका या दोन गोष्टींची गल्लत अनेकांच्या पथ्यावर पडली, त्यांत कॅथलिकही होते.

व्यापारबंदीने जहाजं थांबली, तीही बरीचशी कागदावर. मळ्यांवरच्या माणसांवर मालकी कायमच राहिली, त्यांची पोरंही जन्मतः मालकाचीच. देशातल्या देशात विक्री तर राजरोस चाले. १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइट (कॅथलिकांमधला एक संघ) धर्मगुरूंनी २७२ माणसं लुइझियानाच्या मळेवाल्यांना १ लाख १५ हजार डॉलरला विकायचा करार केला. त्यातले काही पैसे त्यांच्याच जॉर्जटाउन कॉलेजचं कर्ज फेडायला गेले. कुटुंबांची ताटातूट करू नका, अशी रोममधल्या वरिष्ठांची अट होती. ती धाब्यावर बसवली गेली. आयातबंदीचा कायदा मात्र कुठेही मोडला नव्हता.

पुढच्याच वर्षी, ३ डिसेंबर १८३९ रोजी, पोप सोळावे ग्रेगरी यांनी पत्र काढलं: कोणाला गुलाम करू नका, गुलामांचा व्यापार करू नका. त्यावर अमेरिकेतल्या चार्ल्सटनचे बिशप जॉन इंग्लंड यांनी खुलासा केला, की पोपचा रोख व्यापारावर आहे, आपल्याकडच्या गुलामगिरीवर नाही. वकिली म्हणून मुद्दा बिनतोड. पण ‘चोरी करू नको’ ही आज्ञा शिकवणाऱ्यांच्या तोंडी तो शोभत नाही. चोरीचा माल परत करावा लागतो, हे तर धर्मशिक्षणाच्या वर्गातलं पोरगंही सांगेल. खुद्द गुलामगिरीवर ठाम बोट ठेवलं ते १८८८ साली पोप तेरावे लिओ यांनी, ब्राझीलच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात. (पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यालाही हेच दोन टप्पे लागू झाले: १८३६ ला व्यापारबंदी, १८६९ ला गुलामगिरी रद्द.)

म्हणून कॅथलिकांनी १९ जून पाळताना नुसत्या आनंदावर भागत नाही. पापनिवेदनात पश्चात्तापासोबत भरपाईही येते. २०१७ साली जॉर्जटाउनने माफी मागितली. तिथल्या एका इमारतीला विक्री ठरवणाऱ्या फादर मलेडींचं नाव होतं. आता तिला आयझॅक हॉकिन्स यांचं नाव आहे, विक्रीच्या कागदावरचं पहिलं नाव. वंशजांसाठी १० कोटी डॉलर उभारायचं वचन जेझुइटांनी दिलं ते २०२१ मध्ये.