कॉलेजचे पोट्टे झेडपीच्या शाळेत कधीपासून शिकवायला लागले?

आजकाल आपल्या विदर्भातल्या खेड्यांत कॉलेजच्या पोरी-पोरं झेडपीच्या शाळेत जाऊन पहिली-दुसरीच्या पोट्ट्यांचं वाचन घेतात, पाढे म्हणवून घेतात, आणि लोकांना वाटते हे २०२० च्या नवीन शिक्षण धोरणातून आलं. नवीन काही नाही बाप्पा. दरवेळी कारण तेच होतं, गुरुजी कमी न लेकरं जास्त.

इंग्रजांच्या आधीच्या गावठी पंतोजीच्या शाळेत धुळपाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचं काम मोठी पोरंच करायची. १७८९ नंतर मद्रासला अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याकडे लष्करी अनाथ मुलांची शाळा होती, त्यानं गावातल्या शाळेत पोरं वाळूत अक्षरं काढताना पाहिली न तेच आपल्याकडे सुरू केलं, मोठ्यानं लहान्याला शिकवायचं. १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तिका छापली आणि ही पद्धत तिकडे 'मद्रास' नावानंच गाजली, काहून की पगारी मास्तर कमी लागायचे.

आपल्याकडे बघायचं तर १९३७ चं वर्ष महत्त्वाचं. मध्यप्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्लांची विद्यामंदिर योजना आली, जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालवायची अशी (नावात 'मंदिर' आहे म्हणून मुस्लिम लीगनं विरोध केला ते वेगळंच प्रकरण). त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती बसली न नई तालीम, म्हणजे हातच्या कामातून शिक्षण, सुरू झाली. सूतकताई, सफाई, शेती, सगळं शिक्षणाचाच भाग. शिकणाऱ्यानं गावाच्या कामाला हात लावायचा, हा विचार इथं पक्का झाला.

कॉलेजची पोरं मात्र खऱ्या अर्थानं गावात आली ती एनएसएसमुळे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेमुळे. सुरुवात २४ सप्टेंबर १९६९, गांधी जन्मशताब्दीचं वर्ष, देशातली ३७ विद्यापीठं न ४० हजार विद्यार्थी. वर्षाला १२० तास काम, वरून सात दिवसाचं निवासी शिबिर, दत्तक गाव. आता माझं मत सांगतो, शिबिर चांगलंच असते, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री पथनाट्य, रॅली पण निघते, पण सात दिवसात लेकराला वाचता येत नाही. त्याला रोजचा अर्धा तास पाहिजे न तोही महिनोन्महिने, आणि पोट्टे तर आठव्या दिवशी बॅगा भरून घरी. म्हणून नाल्या साफ झाल्या, झाडं लागली (जगली किती ते जाऊ द्या), शिकवणं मागंच राहिलं. नव्वदीतल्या साक्षरता मोहिमेत पोरं रात्री कंदील घेऊन शिकवायला बसली खरी, पण ते प्रौढांसाठी होतं.

शाळेतली अडचण तशीच होती. २०१० ला आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा लागू झाला, त्यात ६० पटापर्यंत दोन शिक्षक. म्हणजे खेड्यातल्या चौथीपर्यंतच्या शाळेत दोन गुरुजी न चार वर्ग, त्यात एक गुरुजी निवडणुकीच्या नाहीतर जनगणनेच्या कामाला गेले की उरले एकच. मग चौथीतल्या हुशार पोरीला पहिलीवर बसवायचं, हे कोणत्या जीआरमध्ये नसलं तरी सगळ्यांना माहीत आहे.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे उघड्यावर आलं. घरात स्मार्टफोन नाही, असला तर रेंज नाही, मग गावात अडकलेल्या कॉलेजच्या पोरांनी कुठं ओट्यावर, कुठं समाजमंदिरात चार-पाच लेकरं घेऊन बसायला सुरुवात केली. त्याच वर्षी २९ जुलैला केंद्रानं राष्ट्रीय शिक्षण धोरण मंजूर केलं, त्यात मुलांनी मुलांना शिकवणं न गावातल्या स्वयंसेवकांची मदत दोन्ही लिहिलेलं आहे, पण प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली, ही अट लोक विसरतात. मग २०२१ ला केंद्राचं निपुण भारत अभियान आलं, तिसरीपर्यंत वाचता न साधं गणित आलंच पाहिजे म्हणून.

ह्याचा सगळ्यात जास्त फायदा मला वाटते मेळघाटात न गडचिरोलीत आहे. लेकरू घरी कोरकू, गोंडी नाहीतर माडिया बोलते, पुस्तक मराठीत, न गुरुजी बऱ्याचदा बाहेरगावचे. तिथं त्याच पाड्यावरची दहावी-बारावीची पोरगी लेकराच्या भाषेत समजावून सांगू शकते, जे बाहेरून आलेल्या डीएडवाल्याला पटकन जमत नाही. फक्त तिला शाळेत बसवायचं तर तिचा कापूस वेचणीचा रोज बुडते, त्याचं काय करायचं ते कोणत्याच योजनेत आलेलं नाही.