स्क्रीन रेकॉर्डरच्या निवडीमागची तीस वर्षं

आधी एक हिशेब. १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा पडदा, दर ठिपक्याला तीन बाइट आणि सेकंदाला १५ चित्रं. हे सगळं जसंच्या तसं डिस्कवर उतरवायचं म्हटलं तर सेकंदाला सुमारे ३५ एमबी लागतात, मिनिटाला दोन जीबीच्या वर. दहा मिनिटांच्या धड्याचे झाले २१ जीबी. या शतकाच्या सुरुवातीला घरच्या कॉम्प्युटरची अख्खी हार्ड डिस्कच २० नाहीतर ४० जीबीची असायची. शिकवायचे व्हिडिओ करायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, या प्रश्नाचा अर्थ तेव्हा एवढाच होता: कशाची फाइल डिस्कवर मावेल?

त्याच्याही आधीचा उपाय अगदी सरळ होता. पडद्यासमोर कॅमेरा लावायचा. अमेरिकी संशोधक डग्लस एंगलबार्टनं ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माउस, हायपरटेक्स्ट आणि दूरच्या सहकाऱ्याबरोबर एकाच मजकुरावर काम करणं लोकांना करून दाखवलं. त्याचा कॉम्प्युटर होता जवळपास ४८ किलोमीटर लांब, मेन्लो पार्कला. तिथे छोट्या सीआरटी (काचेच्या नळीच्या) पडद्यांसमोर टीव्ही कॅमेरे लावलेले होते आणि त्यांनी टिपलेलं चित्र मायक्रोवेव्हवरून सभागृहात येत होतं. दीड तास हा माणूस हेडसेट लावून बोलतोय आणि मागे मोठ्या पडद्यावर कर्सर फिरतोय. आजच्या कुठल्याही ट्युटोरियलची मांडणी यापेक्षा वेगळी नाही. पुढे घरोघरी हँडीकॅम आले तेव्हा अनेकांनी हीच युक्ती केली, पण सीआरटी मॉनिटरचा आणि कॅमेऱ्याचा वेग जुळत नसल्यानं चित्रात काळे पट्टे वरून खाली सरकत राहायचे.

कॅमेऱ्याशिवाय, कॉम्प्युटरच्या आतूनच पडदा टिपणारी सॉफ्टवेअर १९९३-९४ च्या सुमारास दिसू लागली. लोटस कंपनीचं स्क्रीनकॅम हे त्यातलं गाजलेलं नाव. मायक्रोसॉफ्टनंही ऑफिस ९७ च्या सीडीवर, व्हॅल्यूपॅकच्या फोल्डरमध्ये, कॅमकॉर्डर नावाचं छोटं साधन देऊन ठेवलं होतं. ऑफिस वापरणाऱ्या कितीजणांनी ते फोल्डर उघडून पाहिलं असेल, देव जाणे.

फाइलच्या आकाराचा प्रश्न खऱ्या अर्थानं सोडवला तो पडद्याचा स्वभाव ओळखणाऱ्यांनी. सिनेमात प्रत्येक चित्रात काही ना काही हलत असतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बहुतेक वेळ काहीच हलत नाही: कर्सर सरकतो, एखादा मेनू उघडतो, बाकी सगळं जागच्या जागी. शिवाय मोठमोठे भाग एकाच रंगाचे. मग बदलला तेवढाच तुकडा नोंदवायचा आणि सपाट रंग थोडक्यात लिहायचा. मिशिगनमधल्या टेकस्मिथनं यासाठी स्वतःचा कोडेक, म्हणजे व्हिडिओ आटोपशीर करून साठवण्याची पद्धत, तयार केला आणि त्याच्या जोरावर कॅमटेशिया उभं राहिलं. अक्षरं जराही न पुसटता फाइल काही एमबीत बसू लागली. कॅमटेशिया महाग होतं आणि आजही स्वस्त नाही. पण त्याच्यात रेकॉर्ड केल्यावर तिथेच कापाकापी करता यायची, हव्या त्या जागी चित्र मोठं करून दाखवता यायचं. शिकवणाऱ्याला नेमकं हेच लागतं.

या प्रकाराला नाव मात्र उशिरा मिळालं. २००४ मध्ये इन्फोवर्ल्ड या कॉम्प्युटरविषयक नियतकालिकाचे स्तंभलेखक जॉन उडेल यांनी वाचकांकडूनच नावं मागवली आणि त्यातून ‘स्क्रीनकास्ट’ हा शब्द निवडला. जानेवारी २००५ मध्ये त्यांनी स्वतः एक स्क्रीनकास्ट केला. हेवी मेटल बँडच्या नावांवर जी दोन टिंबं देतात, त्यांच्याबद्दलचा विकिपीडियावरचा लेख एकेका संपादनातून कसा वाढत गेला, ते पडद्यावर पुढे सरकवत त्यांनी बोलून दाखवलं. विषय किरकोळ वाटतो, पण ऐकत राहावंसं वाटतं ते त्यांच्या बोलण्यामुळे. आपल्याकडे मात्र हा शब्द रुजला नाही. मराठीत याला सरळ ‘व्हिडिओ’ म्हणतात, फार तर ‘स्क्रीन रेकॉर्ड करून टाकलाय’.

२००५ मध्ये यूट्यूब आलं आणि निवडीचे निकष पालटले. फाइल कितीही छान असली तरी तिथे चढवल्यावर ती ३२० गुणिले २४० च्या चौकटीत कोंबली जायची. रोमन अक्षरं त्यातही कशीबशी वाचता येत. देवनागरीचे हाल व्हायचे: अनुस्वार गायब, पहिली आणि दुसरी वेलांटी सारखीच, जोडाक्षराचा नुसता डाग. म्हणून त्या काळात फक्त चौकटीपुरता भाग रेकॉर्ड करणारं, अक्षर मोठं करणारं सॉफ्टवेअर ‘चांगलं’ ठरलं. २००८ च्या अखेरीस ७२० ओळींचा एचडी पर्याय आला आणि मगच पूर्ण पडदा दाखवण्यात अर्थ उरला. एक अडचण मात्र अजून आहे. नेहमीच्या व्हिडिओत उजेडाची माहिती दर ठिपक्याची असते, पण रंगाची चार ठिपक्यांत मिळून एकदाच. काळ्यावर लाल अक्षरं फुटलेली दिसतात ती त्यामुळे. त्यात रेकॉर्डरचा दोष नसतो.

दहा मिनिटांचा धडा ही सवयही तिथलीच. मार्च २००६ मध्ये यूट्यूबनं व्हिडिओवर दहा मिनिटांची मर्यादा घातली, ती जुलै २०१० मध्ये पंधरावर गेली. सलमान खान (खान अकॅडमीवाले) २००६ पासून जे गणिताचे धडे टाकत होते, ते याच मापात बसवलेले. त्यांचं सामान सांगण्यासारखं आहे: पडदा टिपायला कॅमटेशिया, चित्र काढायला स्मूथड्रॉ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आणि पेननं लिहायची वॅकॉमची पाटी. चेहरा कुठेच नाही. काळा फळा, रंगीत अक्षरं आणि शेजारी बसून समजावल्यासारखा आवाज.

ज्यांच्याकडे कॅमटेशियाचे पैसे नव्हते त्यांची दुनिया वेगळी होती. ‘अनरजिस्टर्ड हायपरकॅम २’ ही पट्टी वरच्या कोपऱ्यात असलेले हजारो व्हिडिओ एका पिढीनं पाहिले आहेत. फ्रॅप्सची फुकट आवृत्ती तीस सेकंदांवर थांबायची, बँडिकॅमची दहा मिनिटांवर. आणि या व्हिडिओंतला शिक्षक बोलायचाच नाही! नोटपॅड उघडून त्यात टाइप करायचा: ‘हाय गाइज’, मग चूक, मग बॅकस्पेस, मागे कुठलंतरी ढणढणतं संगीत. काहींकडे माइक नव्हता, काहींना आपल्या इंग्रजीची लाज वाटायची. पडदा टिपण्याची सोय पोराटोरांपर्यंत पोचली होती, आवाजाची नव्हती. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली खरी गोम इथेच आहे. रेकॉर्डरची तुलना करताना आपण रेझोल्यूशन आणि फ्रेम रेट बघत बसतो, आणि ट्युटोरियल उभं असतं आवाजावर.

हे ज्यांनी आधी ओळखलं त्यांच्यात पवईचा एक प्रकल्प येतो. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’. केमिकल इंजिनीअरिंगचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी तो उभा केला, केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाच्या राष्ट्रीय मिशनचा पैसा त्यामागे होता. लिनक्स, लिबरऑफिस, सायलॅब, लाटेक असली मुक्त सॉफ्टवेअर शिकवायची, साधारण दहा मिनिटांच्या तुकड्यांत, आणि तीही मुक्त सॉफ्टवेअरनंच रेकॉर्ड करून. लिनक्सवर रेकॉर्डमायडेस्कटॉप, विंडोजवर कॅमस्टुडिओ, आवाजासाठी ऑडॅसिटी.

रेकॉर्डमायडेस्कटॉप ज्यांनी वापरलंय त्यांना आठवेल. पडद्याच्या कडेला छोटासा लाल गोल, तो दाबला की चौकोन होतो. काम संपवून चौकोन दाबावा तर लगेच काही मिळत नाही; एक खिडकी उघडते आणि एन्कोडिंग किती टक्के झालं ते दाखवत राहते. जुन्या मशिनवर तेवढ्यात चहा होऊन जायचा. शेवटी हाती येते ती ओजीव्ही फाइल, जी समोरच्याच्या विंडोजवर उघडेलच याची खात्री नाही. मग ही असली अडनिडी साधनं का घेतली? परवाना फुकट हे एक कारण झालं. गावाकडच्या कॉलेजातल्या मुलानं धडा बघून स्वतः धडा करायचं ठरवलं, तर त्याला कुणाकडे पैसे किंवा क्रॅक मागावा लागू नये, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पण मोठा निर्णय होता चित्र आणि आवाज वेगळे धरण्याचा. आधी संहिता लिहायची, ती नवख्या माणसाकडून तपासून घ्यायची, मग रेकॉर्ड करायचं. एकदा चित्र तयार झालं की तेच चित्र ठेवून मराठी, तमिळ, बंगाली, आसामी असा आवाज बदलत जायचा. मराठी संहितेचं पान म्हणजे दोन रकान्यांचा तक्ता: डावीकडे वेळ, उजवीकडे निवेदन. पहिली ओळ ‘००:०१’ आणि समोर ‘...वरील स्पोकन ट्युटोरियलमध्ये आपले स्वागत’. पडद्यावरचे मेनू इंग्रजीतच राहतात आणि ते मुद्दाम, कारण नोकरीच्या ठिकाणी मुलाला समोर तेच दिसणार असतं. भाषांतर करणाऱ्याची कसरत होते ती सेकंदांची. इंग्रजीतलं दोन शब्दांचं ‘क्लिक ओके’ मराठीत ‘ओके बटणावर क्लिक करा’ होतं, आणि तोवर चित्रातला कर्सर पुढच्या मेनूवर गेलेला असतो. म्हणून मूळ रेकॉर्डिंगमध्येच कर्सर सावकाश फिरवावा लागतो, दोन कृतींमध्ये श्वास घ्यायला जागा सोडावी लागते. शिकणाऱ्याचीही सोय त्यातच होते, कारण त्यानं शेजारच्या खिडकीत तेच करत, थांबवत, पुढे जायचं असतं.

१ सप्टेंबर २०१२ रोजी ओबीएस या मुक्त रेकॉर्डरची पहिली आवृत्ती आली. ह्यू बेली, म्हणजेच जिम, यांनी ती खेळ थेट प्रक्षेपित करणाऱ्यांसाठी लिहिली होती. शिक्षक हे तिचे नंतर आलेले पाहुणे. आधी फक्त विंडोजवर, पुढे मॅक आणि लिनक्सवरही चालणारं, पट्टी नाही, मिनिटांची मर्यादा नाही, पैसे नाहीत. हायपरकॅमच्या काळापासून चालत आलेल्या तक्रारी एका फटक्यात संपल्या. माइकचा आवाज एका ट्रॅकवर आणि कॉम्प्युटरचा दुसऱ्यावर ठेवायची सोयही मिळाली, जी पवईतल्या पद्धतीला फारच जवळची. त्यातली एक गोष्ट भारनियमनवाल्या गावांत कळीची ठरते. साध्या एमपी४ फाइलमध्ये कुठलं चित्र कुठे आहे याची सूची रेकॉर्डिंग थांबवताना शेवटी लिहिली जाते. मध्येच लाइट गेली की सूची नाही, आणि सूची नाही म्हणजे अर्ध्या तासाची फाइल उघडतच नाही. म्हणून ओबीएस, अर्धवट राहिली तरी उघडणाऱ्या एमकेव्ही फाइलमध्ये रेकॉर्ड करून नंतर एमपी४ करायला सांगत आलं. २०२४ च्या ३०.२ आवृत्तीत त्यांनी मध्येच थांबलं तरी उघडणारं हायब्रिड एमपी४ आणलं आणि हा वळसा वाचला.

रेकॉर्डमायडेस्कटॉपची मात्र दुसऱ्याच कारणानं पंचाईत झाली. लिनक्सची जुनी एक्स११ रचना कुठल्याही प्रोग्रॅमला सगळा पडदा बघू द्यायची. नव्या वेलँडमध्ये ते बंद झालं, आता परवानगी मागावी लागते. सुरक्षेच्या दृष्टीनं योग्यच, पण जुने रेकॉर्डर त्या बदलात मागे राहिले.

महाराष्ट्रात बहुतेकांनी पहिला रेकॉर्डर वापरला तो फोनवरच. अँड्रॉइड ५, म्हणजे २०१४ च्या आधी, फोन रूट केल्याशिवाय, म्हणजे त्याची कुलपं काढल्याशिवाय, किंवा केबलनं कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय पडदा टिपता येत नसे. त्यानंतर अ‍ॅपना रीतसर वाट मिळाली, २०१६ मध्ये जिओनं डेटा स्वस्त केला आणि मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. माझी मावसबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिनं त्या महिन्यात आम्हा सगळ्यांना विचारलं होतं, कुठलं अ‍ॅप घेऊ? कुणीतरी एक सुचवलं. अपूर्णांकाचा पंचवीस मिनिटांचा धडा झाला, वर्गाच्या ग्रुपवर गेला आणि पहिल्याच पालकाचा निरोप आला, ‘मॅडम, आवाज येत नाही.’ अ‍ॅपमध्ये माइकची परवानगी द्यायची राहिली होती. दुसऱ्यांदा परवानगी दिली, तर धड्यावर छतावरच्या पंख्याची घरघर. तिसऱ्यांदा पंखा बंद करून, एप्रिलच्या दुपारी.

त्यातच २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारनं ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. टिकटॉकच्या गदारोळात फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही, पण त्या यादीत डीयू रेकॉर्डरही होता. ऐन ऑनलाइन वर्गांच्या हंगामात अनेकांना नवा रेकॉर्डर शोधावा लागला. त्याच वर्षी अँड्रॉइड ११ मध्ये रेकॉर्डर फोनच्या आतच आला. आयफोनमध्ये तो २०१७ पासूनच होता. फोनच्या आतला आवाज थेट टिपण्याची मुभाही अँड्रॉइड १० पासूनची. त्याआधी तो स्पीकरमधून बाहेर येऊन माइकनं परत आत घ्यावा लागायचा.

आज मराठीतली सर्वाधिक उपयोगाची स्क्रीन रेकॉर्डिंग्ज सॉफ्टवेअर शिकवत नाहीत, फॉर्म भरायला शिकवतात. ई-पीक पाहणीची नोंद कशी करायची, आरटीईचा अर्ज कसा भरायचा, २०२४ च्या जुलैत नारीशक्ती दूत अ‍ॅपवर लाडकी बहीण योजनेचा अर्ज कुठल्या बटणापासून सुरू करायचा. इथे रेकॉर्डर निवडताना नवाच प्रश्न येतो: वरून ओटीपीची सूचना पडली तर ती व्हिडिओत जाईल का? अँड्रॉइड १५ अशा सूचना झाकायला शिकलं आहे. बँकांची अनेक अ‍ॅप तर आपला पडदा टिपूच देत नाहीत. रेकॉर्डर कुठलाही असो, फाइलमध्ये तेवढा भाग काळा येतो. मग मोबाइल बँकिंग शिकवणारा काय करतो? घरातला दुसरा फोन घेतो, डब्याला टेकवून पहिल्या फोनसमोर उभा करतो आणि कॅमेरा चालू करतो. बोलायचं त्याच फोनच्या माइकमध्ये, पंखा बंद करून.