दर दोन सेकंदांनी थरथरणारा तारा

मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास गोव्यात मोरजीला समुद्राकडे तोंड करून उभे राहा आणि डावीकडे वळा. शॅकचे दिवे आड आले नाहीत, तर क्षितिजापासून थोडे वर मित्र आणि मित्रक हे दोन तारे ठळक दिसतील. त्यांच्याही वर, त्याच नरतुरंग तारकासमूहात, 'व्ही 834 सेंटॉरी' आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, घरगुती दुर्बिणीलाही सहसा दाद देत नाही.

हा तारा म्हणजे खरे तर जोडी आहे. एक श्वेतबटू (विझलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, दाट गाभा) आणि एक हलका, तांबूस तारा. 101 मिनिटांत दोघांची एकमेकांभोवती फेरी पूर्ण. तांबूस ताऱ्याचा वायू श्वेतबटू ओढून घेतो. एरवी अशा वायूची तबकडी तयार होते. इथे श्वेतबटूचे चुंबकीय क्षेत्र दोन कोटी गॉसच्या वर (पृथ्वीचे जेमतेम अर्धा गॉस!), त्यामुळे वायू चुंबकीय रेषा धरून थेट ध्रुवाजवळ कोसळतो, सेकंदाला काही हजार किलोमीटर वेगाने. पृष्ठभाग गाठण्याआधीच त्याला धक्का बसतो, म्हणजे वेग एकदम तुटून वायू दाबला जातो, आणि तापमान कोट्यवधी अंशांवर जाते.

खरी गंमत या धक्क्याच्या सीमेवर आहे. पेजेच्या भांड्यावरचे झाकण वाफ कोंडली की उचलते, वाफ सुटली की बसते. तसेच इथे: वायू तापलेला असेतो दाब सीमेला वर रेटतो, वायू निवला की ती खाली येते, आणि पुन्हा तेच. लँगर, चन्मुगम आणि शाविव या शास्त्रज्ञांनी 1981 मध्ये हे गणिताने मांडले. पुढच्याच वर्षी जॉन मिडलडिच यांना याच ताऱ्याच्या आणि सप्तर्षीतल्या 'एएन' या तशाच जोडीच्या प्रकाशात एक ते तीन सेकंदांची थरथर सापडली. चढउतार जेमतेम काही टक्क्यांचा, आणि ताल घड्याळासारखा पक्का नाही.

इथवर सगळे छान जुळते. पण सीमा खरोखरच वरखाली होत असेल, तर त्या तापलेल्या वायूतून निघणारे क्ष-किरणही तितकेच, किंबहुना जास्त हलायला हवेत. 'एक्सएमएम-न्यूटन' उपग्रहाने पाहिलेल्या अशा वीसहून अधिक जोड्या तपासल्या, त्यांत काहीच सापडले नाही. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन प्रारण फेकून वायू झपाट्याने निववतात, त्याने थरथर दबते, हे खरे. मग दृश्य प्रकाशात ती टिकते कशी? माझ्या मते मूळ गणितातच काहीतरी राहून गेले आहे. फ्रान्समध्ये लेसरच्या झोताने हाच धक्का प्रयोगशाळेत, मिलिमीटरभर जागेत, उभा करून पाहतात. तिथे आदळलेला वायू उलट मागे येताना दिसला. पण क्ष-किरणांत थरथर का दिसत नाही, हे कोडे त्याने सुटलेले नाही.