निद्रानाश : तरुण वयातली औषधनिवड

साधारण अठरा ते तिशी-पस्तिशीच्या माणसाला झोप लागत नाही, लागली तरी टिकत नाही, किंवा पहाटेच डोळे उघडतात आणि मग दिवसभर त्रास होतो, अशा वेळी कुठलं औषध द्यायचं, किती दिवस द्यायचं आणि मुळात द्यायचं का, हे ठरवायची पद्धत. आठवड्यातून किमान ३ रात्री आणि निदान ३ महिने असं चाललं तर तो जुनाट निद्रानाश, हा निकष डीएसएम-५ या अमेरिकन मनोविकार-निदानग्रंथात (२०१३) आहे. झोपायला पुरेशी संधी असूनही झोप येत नाही, अशी एक अट त्यात आहे आणि मुंबईत ती नीट तपासावी लागते, कारण बदलापूर-विरारहून पहाटेची लोकल धरणारा आणि रात्री साडेअकराला घरी पोचणारा मुलगा निद्रानाशी नसतो, त्याला झोपायला वेळच नसतो, आणि त्याच्यावर गोळीचा काही उपाय नाही.

म्हणून औषध निवडण्याआधी झोप कुठल्या प्रकारची बिघडलीये ते बघायचं. तरुणांमध्ये सगळ्यात जास्त गल्लत होते ती उशिरा सरकलेल्या झोपेची. रात्री तीनला झोप लागते, सुट्टीच्या दिवशी सकाळी अकरापर्यंत गाढ झोप होते, म्हणजे झोप शाबूत आहे, फक्त घड्याळ पुढे गेलंय. याला झोपेची कडक गोळी देऊन फारसं काही साधत नाही, इथे सकाळचा उजेड आणि संध्याकाळी कमी मात्रेतलं मेलाटोनिन (शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक) हा मार्ग जास्त योग्य मानतात. दुसरी गल्लत पायांची. अंथरुणावर पडलं की पाय वळवळतात, हलवल्याशिवाय राहवत नाही, अशी तक्रार असेल तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासावं, विशेषतः मुलींमध्ये, कारण लोह कमी असणं आपल्याकडे सर्रास आहे आणि अशा माणसाने झोप यावी म्हणून सर्दीची गोळी घेतली तर पायांचा त्रास उलट वाढतो. याशिवाय चहा-कॉफी-एनर्जी ड्रिंक (कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण ५-६ तास लागतात), गांजा सोडल्यानंतरचे दिवस, थायरॉइड, नैराश्य, चिंता. आणि एक प्रश्न विचारायलाच हवा असा : झोप कमी होऊनही थकवा येत नाही, उलट उत्साह ओसंडून वाहतोय, असं कधी झालंय का? कारण बायपोलर आजार बरेचदा याच वयात डोकं वर काढतो आणि तिथे झोपेसाठी म्हणून दिलेलं नैराश्यविरोधी औषध मॅनिया म्हणजे अतिउत्साहाचा झटका भडकवू शकतं.

इतिहास. झोपेच्या औषधांचा आधुनिक इतिहास सहसा क्लोरल हायड्रेटपासून सांगतात, लीबिगने ते १८३२ च्या सुमारास बनवलं, पण झोपेसाठी वापरात आणलं लीब्राइखने १८६९ मध्ये. त्यानंतर बार्बिट्युरेट. एमिल फिशर आणि योझेफ फोन मेरिंग यांनी बार्बिटाल बनवलं ते १९०२ ला की १९०३ ला याबद्दल ग्रंथांत एकवाक्यता नाही, बाजारात 'व्हेरोनाल' नावाने आलं ते बहुधा १९०३-०४ मध्ये. झोपेचा डोस आणि जीव घेणारा डोस यात अंतर कमी, त्यामुळे पुढे ही औषधं मागे पडली. लिओ स्टर्नबाखच्या कामातून १९६० मध्ये क्लोर्डायझेपॉक्साइड आणि १९६३ मध्ये डायझेपाम बाजारात आलं आणि बेंझोडायझेपिन या शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या औषधगटाचं युग सुरू झालं (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम ही याच गटातली).

आपल्याकडे मात्र याच्या समांतर एक वेगळी धारा आहे, सर्पगंधेची, आणि तिचं एक टोक परळला केईएम हॉस्पिटलमध्ये आहे म्हणून थोडं सविस्तर. सर्पगंधेचं मूळ, वनस्पतिशास्त्रात रावोल्फिया सर्पेंटिना, बिहार भागात वेड लागलेल्याला शांत करायला आणि झोप आणायला देत असत. चरक-सुश्रुतांत येणारी सर्पगंधा हीच का, यावर मतभेद आहेत. लोकप्रिय पुस्तकं सरळ हो म्हणतात. पण जुन्या ग्रंथांतले उल्लेख बहुतांशी विषाच्या संदर्भात येतात, झोपेच्या नाही, त्यामुळे लोकवापर वेगळा वाढला आणि शास्त्रीय नाव त्याला नंतर चिकटलं असावं, हे मत जास्त पटण्यासारखं वाटतं. १९३१ मध्ये सेन आणि बोस यांनी 'इंडियन मेडिकल वर्ल्ड' मध्ये हिच्या मुळाचा वेडावर आणि रक्तदाबावर उपयोग मांडला, त्याच सुमारास सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी त्यातून अजमलीनसारखी अल्कलॉइड म्हणजे औषधी द्रव्यं वेगळी केली. मग मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील. केईएमशी संबंधित या हृदयरोगतज्ज्ञांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल' मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरचे निष्कर्ष छापले आणि या मुळाकडे सगळ्या जगाचं लक्ष गेलं, १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. मधल्या काळात, १९५२ मध्ये, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्यातलं रेसर्पिन वेगळं झालं. रेसर्पिनने माणूस शांत होतो, पण मेंदूतले सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन हे साठे रिकामे होतात, आणि १९५० च्या दशकातच नैराश्य आल्याच्या बातम्या यायला लागल्या. ते नैराश्य खरंच औषधामुळे होतं का याबद्दल नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतलीये, आणि ती शंका निराधार नाही. तरीही व्यवहारात सावध राहिलेलं बरं : झोपेसाठी म्हणून सर्पगंधेच्या गोळ्या आयुर्वेदिक दुकानात आजही मिळतात, आणि आधीच मन खचलेल्या, कमी रक्तदाबाच्या किंवा गरोदर असलेल्या तरुणीने त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. अश्वगंधेचे छोटे अभ्यास बरे आहेत पण यकृताला त्रास झाल्याच्या नोंदीही आहेत. जायफळ दुधात उगाळून आणि तळपायाला काशाची वाटी, हे घरोघरी माहीत आहे, जायफळ चिमूटभरच असावं, जास्त झालं तर विषारी ठरतं.

आता निवड. जवळजवळ सगळ्या मार्गदर्शक सूचना, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सची २०१६ ची आणि युरोपची २०१७ ची (२०२३ मध्ये सुधारलेली) धरून, पहिला उपाय म्हणून औषध सांगतच नाहीत, निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत म्हणजे सीबीटी-आय सांगतात. त्यात बूटझिन या मानसशास्त्रज्ञाचं १९७२ चं तत्त्व आहे की अंथरूण फक्त झोपेसाठी, झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे जायचं. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं झोपत असतील तर दुसरी खोली कुठून आणायची, हा प्रश्न इथल्या रुग्णाने विचारला तर तो अडवणूक करत नाहीये. पण गादी दिवसा गुंडाळून ठेवायची जी चाळीतली पद्धत आहे ती या तत्त्वाला अगदी धरून आहे, आणि रात्री गॅलरीत किंवा ओट्यावर जाऊन बसता येतं. पलंगावर लॅपटॉप मांडून अभ्यास करणाऱ्या एमपीएससीच्या मुलापेक्षा चाळीतल्या मुलाला हे एका अर्थी सोपं जातं.

औषध द्यायचंच तर तक्रार बघून. झोप लागायलाच वेळ लागतो, त्याला लवकर चढणारं आणि लवकर उतरणारं हवं. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचं अर्धायुष्य (औषधाचा अर्धा भाग शरीरातून जायला लागणारा वेळ) साधारण अडीच तास, एझोपिक्लोनचं साधारण ६, क्लोनाझेपामचं ३० ते ४० तास, म्हणजे रात्री घेतलेलं क्लोनाझेपाम दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही अंगात असतं. झोल्पिडेम घेतलं तर पुढे ७-८ तास झोपायला मिळणार असेल तरच घ्यायचं असा नियम आहे, आणि तो इथे जीवनमरणाचा आहे : साडेबाराला गोळी, पाचला उठायचं, आणि साडेपाचच्या लोकलच्या दारात उभं राहायचं, किंवा बाइक काढायची, हे करू नये. बायकांच्या शरीरात हे औषध सावकाश उतरतं म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्यांच्यासाठी सुरुवातीची मात्रा १० वरून ५ मिग्रॅ. केली. झोपेत चालणं, स्वयंपाक करणं, गाडी चालवणं असे प्रकार घडल्यामुळे २०१९ मध्ये त्यावर सगळ्यात कडक दर्जाचा इशाराही छापला गेला. दारूबरोबर यातलं काहीही नाही.

या गोळ्यांनी नेमकं मिळतं किती? २०१२ मध्ये 'बीएमजे' त आलेल्या एकत्रित विश्लेषणात झोल्पिडेमसारख्या औषधांनी झोप लागायचा वेळ साधारण २२ मिनिटांनी कमी झाला, आणि त्यातलाही बराच भाग साखरेच्या गोळीनेही मिळण्यासारखा होता असं लेखकांचं म्हणणं. २०२२ च्या 'लॅन्सेट' मधल्या मोठ्या तुलनेत, १५४ चाचण्या धरून, एझोपिक्लोन आणि लेम्बोरेक्संट ही दोन एकंदरीत बरी निघाली, पण एझोपिक्लोनचे दुष्परिणाम बरेच असू शकतात आणि लेम्बोरेक्संटच्या सुरक्षिततेबद्दल पुरावा अपुरा आहे, अशी पुस्ती लेखकांनी जोडलीये. लेम्बोरेक्संट हे ओरेक्सिन या जागं ठेवणाऱ्या रसायनाला अडवतं (ते रसायन १९९८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे शोधलं), म्हणजे झोप लादण्यापेक्षा जागेपण कमी करतं. या गटाकडे कल वाढतोय. मध्येच जाग येणाऱ्यासाठी कमी मात्रेतलं डॉक्सेपिन (३ ते ६ मिग्रॅ.) अमेरिकेच्या निद्रावैद्यक अकादमीच्या २०१७ च्या सूचनेत आहे, त्याच सूचनेत ट्रॅझोडोन, डायफेनहायड्रामिन, मेलाटोनिन आणि व्हॅलेरियन नको असं म्हटलंय, मात्र सगळ्याच शिफारशी दुबळ्या दर्जाच्या आहेत हे तिथेच लिहिलंय. मेलाटोनिनच्या दुकानात मिळणाऱ्या उत्पादनांबद्दल एवढंच की २०१७ च्या कॅनडातल्या तपासणीत लेबलवरच्या आकड्यापेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त इतकी तफावत सापडली होती.

नैराश्य सोबत असेल तर मिर्टाझापिन विचारात घेतात, भूक आणि वजन वाढवतं. पंचवीसच्या आतल्या माणसाला नैराश्यविरोधी कुठलंही औषध सुरू केलं की पहिले काही आठवडे आत्महत्येच्या विचारांवर लक्ष ठेवावं लागतं, तो इशारा २००७ पासून १८ ते २४ वयाला लागू आहे. क्वेटियापिन हे गंभीर मनोविकारांवरचं औषध फक्त झोपेसाठी नको.

भारतात वेगळी अडचण अशी की एसिटालोप्रॅम (नैराश्यविरोधी) आणि क्लोनाझेपाम यांची जोडगोळी आणि बेंझोडायझेपिनसारखंच काम करणारं इटिझोलाम फार सहज लिहून दिलं जातं. 'अर्धी गोळी घे, काही होत नाही' हे वाक्य घरात, ऑफिसात, मेडिकलवर सगळीकडे ऐकू येतं, आणि बाविसाव्या वर्षी सुरू झालेली अर्धी गोळी तिशीतही चालू असते, हे फार वाईट वाटण्यासारखं आहे कारण सुरुवातीलाच बंद करायची तारीख चिठ्ठीवर लिहिली असती तर बहुतेकांचं टळलं असतं. युरोपच्या सूचनेत बेंझोडायझेपिन आणि झोल्पिडेमसारख्या औषधांची मर्यादा ४ आठवडे आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही शेड्यूल एच-१ या कडक विक्रीनियमांच्या यादीत येतात, १ मार्च २०१४ पासून दुकानदाराने डॉक्टर आणि रुग्णाचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते ३ वर्षं ठेवायचं असा नियम आहे. अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे.

रोज घेतलेलं बेंझोडायझेपिन एकदम तोडू नये, फिट येऊ शकते. बेंझोडायझेपिन कमी करण्याबद्दलच्या २०२५ च्या अमेरिकन संयुक्त सूचनेनुसार दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करत जायचं. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जे.जे. या हॉस्पिटलांत मानसोपचार ओपीडी आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीतून बोलता येतं.