छातीची क्ष-किरण तपासणी

छातीची क्ष-किरण तपासणी : छातीच्या पोकळीतील अवयवांमधून क्ष-किरण आरपार पाठवून पलीकडच्या पटलावर उमटणारी सावली टिपण्याची आणि ती वाचण्याची वैद्यकीय तपासणी. बोलीत तिला ‘छातीचा फोटो’ म्हणतात. सीटी स्कॅन, एमआरआय आणि सोनोग्राफी प्रचारात आल्यानंतरही ही तपासणी मागे पडलेली नाही, कारण ती स्वस्त आहे, क्षणात होते आणि श्वसनसंस्था, रुधिराभिसरण संस्था, अस्थिसंस्था व पचनसंस्थेचा काही भाग यांची एकत्र माहिती एका चित्रातून देते. फोटो काढणे सोपे असले तरी वाचणे सोपे नाही. पाठीपासून छातीपर्यंत एकामागे एक असलेले अवयव येथे एकाच सपाट प्रतलात एकमेकांवर पडलेले दिसतात आणि त्यांची उकल शरीररचनेच्या ज्ञानाशिवाय होत नाही.

तत्त्व : व्हिल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्यूर्ट्‌सबुर्क येथे क्ष-किरणांचा शोध लागला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताची घेतलेली प्रतिमा, बोटातल्या अंगठीसह, प्रसिद्ध आहे. १९०१ मध्ये भौतिकीचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. क्ष-किरण शरीरातून जाताना वेगवेगळ्या पदार्थांत कमी-अधिक शोषले जातात. हवेतून ते जवळजवळ विनाअडथळा जातात म्हणून हवा काळी दिसते. चरबी गडद करडी, स्नायू, रक्त आणि पाणी फिकट करडे, हाडे पांढरी आणि धातू सर्वांत पांढरा दिसतो. येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, स्नायू, रक्त आणि पाणी यांच्या छटेत फरक नसतो. त्यामुळे हृदयाची भिंत आणि तिच्या आतले रक्त वेगळे दिसत नाहीत, दिसते ती दोहोंची मिळून एक आकृती. दोन शेजारच्या भागांमधली कड तेव्हाच उमटते, जेव्हा त्यांची घनता भिन्न असते, आणि छातीत ही भिन्नता भरपूर आहे, कारण फुप्फुसे हवेने भरलेली असतात.

पद्धत : नेहमीच्या तपासणीत रुग्ण पटलाला छाती टेकवून उभा राहतो आणि किरण सुमारे १८० सेंमी. अंतरावरून पाठीकडून येतात. हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असल्यामुळे या स्थितीत ते पटलाजवळ राहते आणि त्याची सावली फारशी फुगत नाही. हात कमरेवर ठेवून कोपरे पुढे ढकलायला सांगतात, ते खांद्याचे फरे फुप्फुसांवरून बाजूला सरकावेत म्हणून. ‘श्वास घ्या, रोखून धरा’ या सूचनेलाही तितकाच अर्थ आहे. श्वास अर्धवट घेतला असेल तर फुप्फुसांचा खालचा भाग दाटलेला आणि हृदय रुंद दिसते, व निरोगी माणसाच्या फोटोत आजार असल्याचा भास होतो. मंगळसूत्र, ताईत, सेफ्टी पिन काढून ठेवायला लावतात. लांब वेणी असेल तर ती डोक्यावर बांधायला सांगतात, कारण खांद्यावर पडलेल्या वेणीची सावली फुप्फुसाच्या शेंड्यावर येते आणि क्षयाच्या डागासारखी दिसू शकते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा फोटो फिरत्या यंत्राने, समोरून आणि कमी अंतरावरून घ्यावा लागतो. त्यात हृदय मोठे दिसतेच, म्हणून अशा फोटोवरून हृदय वाढल्याचा निष्कर्ष काढू नये.

प्रतिमेतील शरीररचना : वाचणारा रुग्णाकडे समोरून पाहत आहे असे धरतात, म्हणून फोटोची डावी बाजू ही रुग्णाची उजवी असते. मधोमध श्वासनलिका काळ्या पट्ट्यासारखी खाली येते आणि चौथ्या-पाचव्या वक्षीय मणक्याच्या सुमारास दुभंगते. तिची उजवी शाखा डावीपेक्षा रुंद, आखूड आणि अधिक उभी असते. लहान मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा गेला तर तो बहुधा उजवीकडे जाण्याचे कारण हेच आहे. शेंगदाणा स्वतः फोटोत दिसत नाही. दिसतात ते त्याचे परिणाम, म्हणजे हवा अडकून फुगलेले किंवा हवा न पोचल्याने मिटलेले फुप्फुस. म्हणून खात असताना अचानक ठसका लागलेल्या मुलाचा फोटो निर्दोष आला तरी शंका फिटत नाही. नाणे मात्र स्पष्ट दिसते आणि कोठे अडकले आहे तेही सहसा सांगते: समोरून घेतलेल्या फोटोत अन्ननलिकेतले नाणे पूर्ण गोल दिसते.

उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन खंड असतात. त्यांच्यामधल्या हृदयाच्या सावलीची उजवी कड उजव्या अलिंदाची (हृदयाच्या वरच्या कप्प्याची) असते. डावीकडे वरून खाली महारोहिणीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) कमान, फुप्फुस-रोहिणी आणि डावे निलय (खालचा कप्पा) अशी कड बनते. उजवे निलय समोर आणि डावे अलिंद मागे असल्याने या दोन कप्प्यांना निरोगी माणसाच्या समोरच्या फोटोत सहसा स्वतःची अशी कड नसते. प्रौढ व्यक्तीत हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून कमी असावी, असा ढोबळ नियम आहे. श्वासपटलाचा, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याचा, उजवा घुमट डाव्यापेक्षा किंचित उंच असतो. त्याच्याखाली यकृत असते, तर डाव्या घुमटाखाली जठरातील हवेचा काळा बुडबुडा दिसतो. हा बुडबुडा उजवीकडे आणि हृदयाचे टोकही उजवीकडे दिसले तर दोन शक्यता उरतात: अवयवांची जन्मजात उलट मांडणी, किंवा तंत्रज्ञाने डाव्या-उजव्याची खूण चुकीच्या बाजूला लावणे.

विकृतींचे वाचन : न्यूमोनियात वायुकोशांत (फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत) हवेऐवजी स्राव भरतो आणि तो भाग पांढरा दिसतो. तो नेमका कोठे आहे हे ओळखण्याची एक सुंदर युक्ती बेंजामिन फेल्सन या अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञाने रूढ केली. उजव्या फुप्फुसाचा मधला खंड हृदयाच्या उजव्या कडेला चिकटून असतो. त्यातली हवा गेली की दोहोंची घनता सारखी होते आणि हृदयाची ती कड पुसली जाते. कड शाबूत राहून मागे पांढरेपणा दिसत असेल तर दोष खालच्या खंडात असतो. म्हणजे येथे निदान होते ते काय दिसते यावरून नव्हे, तर काय दिसेनासे झाले यावरून.

छातीत पाणी झाले की ते उभ्या रुग्णात तळाशी साचते आणि बरगड्या व श्वासपटल यांच्यामधला टोकदार कोन बोथट होतो. समोरच्या फोटोत हे दिसायला साधारण २०० मिली. पाणी लागते, बाजूने घेतलेल्या फोटोत त्याहून बरेच कमी पुरते. सोनोग्राफी याबाबतीत अधिक तीक्ष्ण आहे. वातवक्षात, म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा शिरली असता, फुप्फुसाची बारीक कड दिसते आणि तिच्यापलीकडे रक्तवाहिन्यांच्या रेषा नसतात. पोटातला व्रण फुटल्यास उभ्याने काढलेल्या छातीच्या फोटोत श्वासपटलाखाली हवेची काळी चंद्रकोर दिसू शकते. पोटाच्या आजाराचे निदान असे कधी कधी छातीच्या फोटोत होते.

भारतात या तपासणीचा सर्वाधिक संबंध क्षयरोगाशी येतो. प्रौढांतील क्षय बहुधा वरच्या खंडात दिसतो आणि त्यात पोकळ्या होतात. मुलांत फुप्फुसाच्या मुळाशी लसीका ग्रंथी सुजलेल्या दिसतात. रोग रक्तावाटे पसरला तर दोन्ही फुप्फुसांत बाजरीच्या दाण्यांएवढे असंख्य ठिपके उमटतात. मात्र डाग जुना व बरा झालेला आहे की रोग चालू आहे, हे एका फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी थुंकीची तपासणी आणि जुने फोटो लागतात. नातेवाइकांनी जपून ठेवलेले जुन्या फिल्मचे पाकीट अशा वेळी महागड्या तपासणीहून मोलाचे ठरते. ट्यूबलाइटसमोर धरून मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो मात्र त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण फिकट छटा त्यात नाहीशा होतात.

‘प्राकृत’ (निरोगी अवस्थेतले) काय हा प्रश्न : यौवनलोपी ग्रंथी, म्हणजेच थायमस, ही उरोस्थीमागे असते. तान्ह्या मुलात ती मोठी असल्यामुळे हृदयाच्या वरची सावली रुंद दिसते, आणि हे पूर्णपणे नैसर्गिक आहे. परंतु आजारपणात ही ग्रंथी झपाट्याने आक्रसते आणि पूर्वी विच्छेदनाला मिळणारी बालकांची शवे बहुधा दीर्घ आजाराने गेलेल्या गरीब मुलांची असत. त्यामुळे पाठ्यपुस्तकांत आक्रसलेला आकारच प्राकृत म्हणून नोंदला गेला. जिवंत, निरोगी बाळांचे फोटो निघू लागल्यावर त्यांची ग्रंथी ‘वाढलेली’ ठरली, अचानक बालमृत्यूचा दोष तिच्यावर आला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः अमेरिकेत, हजारो बाळांच्या छातीवर ती लहान करण्यासाठी किरणांचा मारा करण्यात आला. त्यांतील काहींना पुढे अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा कर्करोग झाला. क्ष-किरणांनी दाखवलेली सावली बरोबर होती. तिची तुलना ज्या मापाशी झाली ते माप खोटे होते.

किरणमात्रा आणि मर्यादा : छातीच्या एका फोटोची मात्रा सुमारे ०.०२ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणमात्रेचे एकक) असते. निसर्गातून मिळणारी जागतिक सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट असल्याने ही सुमारे तीन दिवसांची मात्रा झाली. छातीच्या सीटी स्कॅनची मात्रा याच्या शेकडो पट असू शकते. गर्भवतीने तंत्रज्ञाला आधी सांगणे आवश्यक आहे. गरज असेल तर फोटो टाळण्याचे कारण नसते. भारतात क्ष-किरण यंत्रांवर मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे.

फोटो निर्दोष असला म्हणजे छाती निरोगी असे नव्हे. हृदयविकाराचा झटका, दमा, फुप्फुसाच्या रोहिणीत अडकलेली गुठळी आणि सुरुवातीचा क्षय यांत तो स्वच्छ येऊ शकतो. हृदयामागचा भाग, फुप्फुसांचे शेंडे आणि श्वासपटलाच्या घुमटामागे दडलेला भाग या जागी अनुभवी नजरेतूनही गाठी सुटतात. संगणकीय वाचनाचा उपयोग आता वाढत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये, १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग चाळणीत (संशयित शोधण्याच्या प्राथमिक तपासणीत), माणसाऐवजी संगणकप्रणालीने फोटो वाचण्यास मान्यता दिली. ही मान्यता चाळणीपुरतीच आहे. प्रणालीने संशयित ठरवलेल्या व्यक्तीच्या रोगाची निश्चिती थुंकीतील जंतूंच्या तपासणीनेच केली जाते.