हसायला लोक जमेपर्यंत पिक्चर उतरलेला असतो

छोटा विनोदी पिक्चर पडला की लोकांची दोन वाक्यं तयारच असतात. एक, "भंगार होता रे". दोन, "आजकाल लोकांना चांगलं काही नकोच असतं". गंमत म्हणजे दोन्ही वाक्यं बोलणाऱ्याने बहुतेक वेळा पिक्चर पाहिलेलाच नसतो. आता भंगार पिक्चर पडतात हे आहेच, त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. पण बऱ्यापैकी जमलेला, माफक बजेटचा, फार मोठे स्टार नसलेला असा पिक्चर, जो तीन-चार वर्षांनी टीव्हीवर लागतो आणि आपण पोट धरून हसतो आणि मग विचारतो की अरे हा आला कधी आणि गेला कधी, तो का पडतो? मला वाटतं याचं उत्तर पिक्चरमध्ये कमी आणि कॅलेंडरमध्ये जास्त आहे. अशा पिक्चरला पूर्वी जो वेळ मिळायचा तो हळूहळू काढून घेतला गेला, आणि हे एका दिवसात झालेलं नाही, त्याला शंभरएक वर्षांचा इतिहास आहे.

आधी थेटरातली एक गोष्ट. मी एकदा दुपारच्या शोला कॉमेडी बघायला गेलो होतो, मोजून सात जण होतो, तेही सगळे लांब लांब बसलेले. पहिला जोक आला, चांगला होता, मला हसू आलं पण आवाज बाहेर पडायच्या आत मी तो दाबला कारण बाकी सहा जण गप्प होते. बहुतेक त्या सहांनीही हेच केलं असणार. इंटरव्हलपर्यंत सगळ्यांचं मत झालं की पिक्चर काही खास नाही. तोच पिक्चर नंतर घरी दहा-बारा जणांत पाहिला तर लोक सोफ्यावरून खाली पडत होते.

हा काही माझाच भित्रेपणा नाही. रॉबर्ट प्रोवाइन नावाचे एक अमेरिकन शास्त्रज्ञ होते, त्यांनी हसण्यावरच बरंच काम केलं, आणि त्यांच्या नोंदींनुसार माणूस एकटा असताना हसतो त्याच्या साधारण 30 पट जास्त चारचौघांत हसतो. भीतीचा पिक्चर रिकाम्या थेटरात उलट जास्त चढतो. मारामारीचा पिक्चर रिकाम्या थेटरातही तेवढ्याच आवाजात फुटतो. कॉमेडीचं मात्र अर्धं सामान प्रेक्षक घेऊन येतात, ते आले नाहीत तर पडद्यावर अर्धाच पिक्चर चालू असतो. म्हणजे कॉमेडी चालायला थेटर भरलेलं लागतं आणि थेटर भरायला कॉमेडी चालावी लागते, असा हा घोळ आहे.

जुन्या लोकांना हे बरोब्बर माहीत होतं. मूकपटांच्या काळात हॅरोल्ड लॉईड हा विनोदी नट रिलीजच्या आधी पिक्चर साध्या प्रेक्षकांना दाखवून बघायचा आणि जिथे हसू येत नाही तिथे परत शूट करायचा. त्याहून भारी प्रकार 1935 सालचा. मार्क्स बंधू या विनोदी नटांचा 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' करताना एमजीएम स्टुडिओच्या निर्मात्याने, आयर्विंग थॅलबर्गने, काय केलं, तर शूटिंगच्या आधी त्यातले मुख्य सीन घेऊन सगळ्या टीमला दौऱ्यावरच पाठवलं. सॉल्ट लेक सिटी, सिएटल, पोर्टलंड, सॅन फ्रान्सिस्को, स्टेजवर रोज प्रयोग, आणि लेखक प्रेक्षकांत बसून बघतायत की कुठल्या ओळीला हशा येतो आणि तो किती वेळ टिकतो. हशा लांबला तर पुढची ओळ त्यात बुडते, म्हणून नंतर शूट करताना तेवढी जागा सोडायची. आपल्याकडे नाटकवाल्यांना हे नवीन नाही, पन्नासाव्या प्रयोगाचं नाटक पहिल्या प्रयोगासारखं नसतंच. पण सिनेमाचं तसं होत नाही, एकदा डबा बंद झाला की बंद, म्हणून थॅलबर्गने ते पन्नास प्रयोग आधीच करून घेतले. एवढा वेळ आज माफक बजेटच्या पिक्चरला कोण देणार?

अर्थात म्हणून त्या काळात कॉमेड्या पडतच नव्हत्या असं नाही. 1938 चा 'ब्रिंगिंग अप बेबी' आज अभ्यासाला लावतात, पण तेव्हा तो आरकेओ स्टुडिओला चांगलाच महागात पडला, आणि त्याच वर्षी थेटरमालकांच्या एका संघटनेने जाहिरात देऊन त्यातली नटी कॅथरिन हेपबर्न आणि आणखी काही स्टार्सना बॉक्स ऑफिसचं विष ठरवलं होतं. पण एक पिक्चर पडला म्हणून तशा प्रकारचे पिक्चर बनणं थांबत नव्हतं. कारण स्टुडिओच्या मालकीची स्वतःची थेटरं होती, आणि बाकीच्या थेटरवाल्यांना ते पिक्चर घाऊक विकायचे, मोठ्या स्टारचा एक हवा असेल तर बरोबर हे चार-पाच छोटेही घ्या. त्या चार-पाचांत एखादी छोटी कॉमेडी असायचीच. मोठ्याच्या पाठीवर बसून ती गावोगाव पोचायची.

1948 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पॅरामाउंट स्टुडिओच्या केसमध्ये ही घाऊक विक्री बेकायदा ठरवली आणि पुढे स्टुडिओंना थेटरंही विकावी लागली. निकाल बरोबरच होता, दादागिरीच होती ती, पण त्यानंतर प्रत्येक पिक्चर आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे असं झालं आणि लहान पिक्चरचे पाय लहान होते. तेवढ्यात टीव्ही आला. 1951 ला 'आय लव्ह लुसी' ही विनोदी मालिका सुरू झाली, तीन कॅमेरे आणि समोर खरे प्रेक्षक बसवून शूट केलेली, म्हणजे घरी एकटं बघणाऱ्यालाही चारचौघांचा हशा बरोबर मिळणार! घरगुती भांडणं, शेजारी, ऑफिसातला साहेब, हे सगळं हलकंफुलकं सामान टीव्हीने उचललं, ते आजतागायत परत दिलेलं नाही.

तरीही थेटरात एक गोष्ट लहान पिक्चरच्या बाजूने होती ती म्हणजे प्रिंट. फिल्मची एक प्रिंट काढायला हजार-दीड हजार डॉलर लागायचे, त्यामुळे थोड्याच प्रिंट काढायच्या, मोठ्या शहरांत लावायच्या, तिथे उतरला की त्याच प्रिंट पुढच्या गावाला. पैसे वाचवायची ही पद्धत, पण त्यामुळे आपोआप वेळ मिळायचा. पिक्चर गावात पोचायच्या आधी त्याचं नाव पोचलेलं असायचं, कुणाचा तरी मेव्हणा शहरात बघून आलेला असायचा आणि अर्धा जोक सांगून "बाकीचं तू बघच" म्हणायचा. कॉमेडीची जाहिरात अशीच होते, दुसरी पद्धत नाहीच, कारण ट्रेलरमध्ये जोक दाखवले तर ते थेटरात शिळे होतात आणि नाही दाखवले तर कोणी येत नाही.

1975 ला 'जॉज' हा शार्कचा पिक्चर आला. एकदम 409 पडद्यांवर, आणि त्याआधी टीव्हीवर साधारण सात लाख डॉलरच्या जाहिराती. मोठ्या प्रमाणात एकदम रिलीज करणारा तो काही पहिलाच नव्हता, पण त्याच्या यशानंतर सगळ्यांनी तोच धडा घेतला की सगळीकडे एकाच दिवशी लावा आणि पहिल्या तीन दिवसांत काय ते काढून घ्या. चारशेचे पुढे दोन हजार झाले, चार हजार झाले, डिजिटल आल्यावर तर प्रिंटचा खर्चही गेला. शार्कला हे चालतं, शार्क काय आहे हे पोस्टरवरच कळतं. कॉमेडीत काय आहे हे पोस्टरवर कसं कळणार, तिथे चार माणसं तोंड वेडंवाकडं करून उभी असतात, जगातल्या प्रत्येक कॉमेडीच्या पोस्टरवर असतात तशी.

मग पुढची वीस-पंचवीस वर्षं या पिक्चरांना वाचवलं कोणी? व्हिडिओ कॅसेटने, केबलने आणि मग डीव्हीडीने. 'ऑस्टिन पॉवर्स' 1997 ला आला, थेटरात ठीकठाक चालला, अमेरिकेत पाच कोटी डॉलरच्या थोडं वर. मग व्हिडिओवर तो इतका फिरला की 1999 ला दुसरा भाग आला तेव्हा त्याने एका विकेंडलाच पहिल्याच्या अख्ख्या कमाईपेक्षा जास्त केले. किंवा 'ऑफिस स्पेस' घ्या, 1999 चा, बजेट साधारण एक कोटी डॉलर आणि तिथल्या थेटरांतली कमाईही जवळपास तेवढीच, म्हणजे सरळ पडलेलाच. पण डीव्हीडी आणि केबलवर त्याचं असं काही झालं की त्यातल्या एका पात्राचा जो लाल स्टेपलर आहे, जो प्रॉपवाल्यांनी मुद्दाम लाल रंगवून घेतला होता, तो लोक दुकानात मागायला लागले आणि शेवटी स्विंगलाइन कंपनीने खरोखर लाल स्टेपलर काढला. पडलेल्या पिक्चरने स्टेपलर खपवले!

हिंदीतही हेच आहे. 'जाने भी दो यारो' 1983 चा, एनएफडीसी या सरकारी फिल्म महामंडळाच्या पैशातून अगदी काटकसरीत केलेला. 'अंदाज अपना अपना' 1994 चा, त्यात तर आमिर आणि सलमान दोघं आणि तरी थेटरात अपेक्षेएवढा चालला नाही. दोन्ही पिक्चरांची खरी कीर्ती झाली ती टीव्हीवर परत परत लागून. आज ज्यांना त्यातले डायलॉग पाठ आहेत त्यांच्यातल्या बहुतेकांनी रिलीजच्या वेळी तिकीट काढलेलं नाही, हे आपणही मान्य करायला हरकत नाही.

2000 च्या दशकाचा मध्य उलटला आणि डीव्हीडी उतरणीला लागली, 2007 ला नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंग सुरू झालं, आणि हा दुसरा डावच गेला. हॉलिवूडचा नट मॅट डेमन याने 2021 च्या एका मुलाखतीत याचा हिशोब फार सोपा करून सांगितला होता. समजा पिक्चर अडीच कोटी डॉलरचा. जाहिरात आणि वितरणाला आणखी तेवढेच. झाले पाच कोटी. तिकिटाचे साधारण अर्धे पैसे थेटरवाला ठेवतो, म्हणजे दहा कोटींची तिकिटं विकली तर कुठे बरोबरी, नफा त्याच्यापुढे. पूर्वी डीव्हीडी सहा महिन्यांनी यायची आणि जणू पिक्चर परत एकदा रिलीज व्हायचा, त्या भरवशावर निर्माता धोका पत्करायचा. डेमन कॉमेडीबद्दलच बोलत होता असं नाही, पण मला वाटतं सगळ्यात जोरात फटका तिलाच बसला, कारण तिला परदेशाचाही आधार नाही. स्फोट कुठल्याही भाषेत स्फोटच, पण शब्दांवरची कोटी डब केली की मेली, टोमणा सबटायटलमध्ये सपाट होतो. घसरून पडणं तेवढं सगळीकडे चालतं. त्यामुळे स्टुडिओंची नजर जगभरच्या कमाईवर गेली तशी यादीतून पहिली काट याच पिक्चरांवर बसली. 2014 ला तर विनोदी नट अ‍ॅडम सँडलरने नेटफ्लिक्सशी चार पिक्चरचा करार केला, म्हणजे थेटरात ज्याच्या नावावर लोक यायचे तो भिडूच घरी बसून बघायच्या गटात गेला.

करोनात उरलंसुरलं गेलं. आधी थेटर ते घर यात अडीच-तीन महिन्यांचं अंतर असायचं, 2020 मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओ आणि एएमसी ही थेटरांची साखळी यांच्यात 17 दिवसांनंतर घरी भाड्याने देता येईल असं ठरलं. आता मला सांगा, 17 दिवसच थांबायचं असेल तर कॉमेडीसाठी कोण उठून जाणार? मी नाही जात, खोटं कशाला बोलू.

त्यामुळे वितरकाची घाई समजू शकते, पण घाईनेच पिक्चर मरतो हेही दिसतं. 'बुकस्मार्ट' 2019 चा, सहा-सात मिलियन डॉलरचा (मिलियन म्हणजे दहा लाख) पिक्चर, समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला. तो पहिल्याच दिवशी अडीच हजार थेटरांत लावला, समोर त्याच विकेंडला डिस्नेचा 'अलाद्दीन'. सात मिलियनचं ओपनिंग झालं आणि सोमवारी सगळीकडे पडला पडला सुरू. थोड्या थेटरांत लावून हळूहळू वाढवायला हवा होता असं तेव्हाच बरेच जण म्हणत होते. 2002 ला 'माय बिग फॅट ग्रीक वेडिंग'चं तसंच केलं होतं, 5 मिलियनचा पिक्चर, 108 थेटरांत सुरुवात, एकाही विकेंडला पहिल्या नंबरवर आला नाही आणि नुसत्या अमेरिकेत 241 मिलियन करून गेला. कित्येक महिने चालत होता तो.

अलीकडचं उदाहरण 2023 च्या ख्रिसमसचं, 'एनीवन बट यू'. पहिल्या विकेंडला जेमतेम 6 मिलियन, म्हणजे 25 मिलियनच्या पिक्चरसाठी शोकसभेचीच तयारी. पण सुट्ट्या होत्या, पुढे जानेवारीत दुसरं मोठं काही येत नव्हतं, त्यामुळे त्याला पडद्यांवरून काढायची कोणाला घाई नव्हती, आणि तेवढ्यात पोरं त्यातल्या शेवटच्या गाण्यावर थेटराबाहेर नाचून टिकटॉकवर टाकायला लागली. दुसऱ्या विकेंडला कमाई वाढली, तिसऱ्याला आणखी वाढली. शेवटी जगभरात 220 मिलियनच्या आसपास. तोच पिक्चर मे महिन्यात लावला असता तर दुसऱ्या शुक्रवारी त्याचे शो सकाळी नऊला ढकलले असते आणि आपण सगळे म्हणालो असतो, भंगार होता रे.