गिटहबचं तिकीट: साचा कुठे संपतो, फॉर्म कुठे सुरू होतो

«पावती निघून नाही राह्यली. लवकर पहा.» यवतमाळकडच्या कापूस खरेदी केंद्रावरून ऐन हंगामात ॲपबद्दल येणारं तिकीट (तक्रारीची नोंद) असंच असतं. केंद्र कोणतं, ॲपची आवृत्ती कोणती, वजन काट्यावरून आलं की हाताने टाकलं, यातलं काहीच त्यात नसतं. मग फोनाफोनी सुरू होते आणि तोवर फाटकापर्यंत गाड्यांची रांग लागते.

ॲपचा कोड आणि अशी तिकिटं (तिथे त्यांना इश्यू म्हणतात) जिथे ठेवतात त्या गिटहबमध्ये यावर दोन सोयी आहेत: वर्णनाचा साचा आणि इश्यू फॉर्म. दोघांच्या फाइली डॉट-गिटहब फोल्डरमधल्या इश्यू-टेम्प्लेट या एकाच फोल्डरात राहतात आणि नवीन तिकीट उघडताना एकाच यादीत दिसतात. म्हणून गल्लत होते.

साचा म्हणजे डॉट-एमडी फाइल. तिकीट उघडलं की तिच्यातला मजकूर वर्णनाच्या चौकटीत आयता येऊन पडतो, बस. लिहिणारा तो पूर्ण पुसून वरच्यासारखी एक ओळ टाकू शकतो आणि गिटहब त्याला अडवत नाही. सूचना एचटीएमएल कॉमेंटमध्ये, म्हणजे <!-- आणि --> यांच्या मध्ये, लिहा. लिहिताना त्या दिसतात, तिकीट नोंदवल्यावर दिसत नाहीत. साचा चार-पाच ओळींचा ठेवा. मोबाइलवर लांबलचक साचा कोणी भरत नाही.

फॉर्म म्हणजे डॉट-वायएमएल फाइल. यात वेगवेगळे रकाने असतात: एका ओळीचं उत्तर, मोठा मजकूर, ड्रॉपडाउन, चेकबॉक्स. केंद्राचं नाव ड्रॉपडाउनमधून निवडायला लावलं की एकाच गावाची तीन स्पेलिंगं होत नाहीत. एवढ्या एका गोष्टीसाठीही फॉर्म करावा.

पण इथेच मोठा गैरसमज आहे. रकान्याला रिक्वायर्ड (सक्तीचा) लावलं की तो भरल्याशिवाय तिकीट जात नाही, हे फक्त सार्वजनिक रिपॉझिटरीत (गिटहबवर एका ॲपचा कोड आणि तिकिटं ठेवायची जागा) खरं आहे. खासगी रिपॉझिटरीत रकाना रिकामा सोडूनही तिकीट जातं आणि त्या जागी «नो रिस्पॉन्स» उमटतं. कंपन्यांची अंतर्गत ॲपं बहुधा खासगीच असतात, तेव्हा सक्तीच्या भरवशावर राहू नका.

दुसरी गोष्ट: नोंद झाल्यावर फॉर्मची उत्तरंही साधा मार्कडाउन (साध्या खुणांनी मांडणी दाखवणारा) मजकूरच होतात. रकान्याचं नाव मथळा होतं, उत्तर त्याच्या खाली येतं. ड्रॉपडाउनमध्ये निवडलेल्या केंद्रावर नंतर फिल्टर लावता येत नाही, त्यासाठी लेबलच (तिकिटाला लावायची चिठ्ठी) लागतं. साच्यात किंवा फॉर्ममध्ये लेबलचं नाव लिहिता येतं, पण ते रिपॉझिटरीत आधी तयार हवं. नसेल तर गिटहब ते स्वतः बनवत नाही, तिकीट लेबलविना येतं.

एररचा लॉग (ॲपने केलेली बिघाडाची नोंद) मागायचा असेल तर मोठ्या मजकुराच्या रकान्याला रेंडर लावा, लॉग कोडच्या चौकटीत नीट बसतो. मात्र त्या रकान्यात फोटो जोडता येत नाही. पावतीचा किंवा काट्याच्या डिस्प्लेचा फोटो हवा असेल तर त्याला रेंडरशिवाय वेगळा रकाना ठेवा.

फॉर्म यादीत दिसतच नसेल तर आधी फाइल डिफॉल्ट ब्रँचवर (रिपॉझिटरीच्या मुख्य शाखेवर) गेली आहे का ते पहा. मग इंडेंटेशन (ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा) तपासा, वायएमएलला टॅब चालत नाही, स्पेसच लागते. त्यानंतर आयडी (फाइलमध्ये रकान्याला दिलेलं ओळखनाव) पहा, दोन रकान्यांना एकच आयडी दिला तरी फॉर्म अडतो.